आरशावरची उसनी चादर

मंगळवार, १० एप्रिल १९७९

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ऑल्डरमन संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या चादरीला ‘अकुशल हाताने फासलेला रंग’ म्हणण्यात आलं. वेळ तिथल्याच भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली आहे. तक्रार करायची तर वेळेसकट करावी. नाहीतर लोक म्हणतात, बाई म्हातारी झाली.

प्रदर्शन युद्धानंतरच्या ज्यू चित्रकारांचं आहे. ब्राँक्सचे जिने, ब्रुकलिनची लोणच्याची दुकानं, शिवणाचे कारखाने, बाकावर बसून जगाची उणीदुणी काढणाऱ्या म्हाताऱ्या. मी गेले ती लेझर पॉमेरान्ट्झच्या चित्रासाठी. लेझर आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. जाऊन बरीच वर्षं झाली. त्या काळात सगळे चित्रकार पट्टे ओढत होते आणि शिंतोडे उडवत होते, आणि हा आपला आईला खिडकीत बसवून तिचं नाक रंगवायचा. त्यामुळे उपाशी राहिला आणि आता संग्रहालयात आहे.

चित्राचं नाव ‘शनिवार’. खिडकीशी म्हातारी फ्रूमा पॉमेरान्ट्झ, हात मांडीवर, कारण शनिवारी हातांना काम नाही. टेबलावर फडक्याखाली पाव. मागच्या भिंतीवर काळ्या चौकटीचा मोठा आरसा, आणि आरशावर पांढरी चादर.

ती चादर माझी. एक्कावन्नच्या जानेवारीत फ्रूमा गेली. सुतकाचे सात दिवस या लोकांच्या घरातले आरसे झाकतात, घरचे लोक बूट काढून बुटक्या बैठकीवर बसतात, दाढी करत नाहीत. त्या घरात एवढ्या आरशाला पुरेल अशी धड चादर नव्हती. मी माझी नेऊन दिली. ती परत आलेली नाही, हे जाता जाता नोंदवते.

चित्राशेजारच्या पाटीवर लिहिलं आहे की पांढरा भाग मूळ चित्रात नव्हता. चित्रकाराच्या मृत्यूनंतर तो कुणीतरी फासला असावा. खाली आरसा आणि त्यात एक आकृती आहे. सोमवार, ७ मेपासून पांढरा रंग काढण्याचं काम सुरू होईल.

मी पहारेकऱ्याला म्हटलं, “ही चादर आहे.”

“हात लावू नका, बाई.”

“मी बोट दाखवते आहे. हात लावणं आणि बोट दाखवणं यातला फरक तुम्हाला शाळेत शिकवला नाही का?”

नसावा.

गुरुवार, १२ एप्रिल

काल गसीकडे वल्हांडणाचं जेवण. गसी झुकरब्रोट माझ्या समोरच्या दारात राहते. नवरा फरच्या कोटांचा कारागीर होता, तो गेला. माझा फ्रँक गेला. उरलो आम्ही दोघी आणि आमच्या दोघींच्या जिभा. दरवर्षी मी तिच्याकडे बेखमीर भाकरी खाते आणि ती ईस्टरला माझ्याकडे येऊन हॅम सोडून सगळं खाते.

मी पाटीवरचा मजकूर शब्दशः सांगितला.

“अगं मास्तरीण, त्यांनी लेझरला नावं ठेवली की तुझ्या चादरीला?”

“दोघांना.”

“राग कुणासाठी जास्त आला?”

“असले प्रश्न विचारणाऱ्यांना मी वर्गाबाहेर काढायची.”

“हे माझं घर आहे. बाहेर जायचं तर तुलाच जावं लागेल. सूप घे.”

थोड्या वेळाने तिनेच विषय काढला. “काढू दे ना त्यांना तो रंग. खाली काय आहे ते तरी लोकांना दिसेल.”

“खाली काय असणार? खुर्चीची पाठ आणि आमच्या इमारतीचा गळका नळ.”

गसीने माझ्याकडे पाहिलं. ताटातला तिखट मुळा उचलून तोंडात टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुळा यंदा फारच झणझणीत होता.

शनिवार, १४ एप्रिल

आमचे फादर जुन्या वळणाचे. पवित्र आठवड्यात चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. आज संध्याकाळी कापडं निघतील. झाकण्याचं मला नवल नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये तर आरसेच नव्हते. केस आम्ही एकमेकींचे विंचरायचो, आणि चेहरा कसा आहे असं कुणी विचारलंच तर सिस्टर पर्पेच्युआ म्हणायच्या, “धुतलेला असला म्हणजे झालं.” अजूनही मी आरशात फक्त दात बघते आणि टोपी सरळ आहे की नाही ते.

शनिवार म्हटला की वरच्या मजल्याचीच आठवण येते. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला पेटव म्हणूनही सांगायचं नाही. नुसतं सुचवलेलं चालतं. मी कॅथलिक, मला पेटवायला मनाई नाही. म्हणून दर शनिवारी मी वर जायची. फ्रूमा खिडकीबाहेर बघत म्हणायची, “देवा, घर कसं गारठलंय.” मी गॅस लावायची. “आज डोळ्यांना काही दिसेना बाई,” की दिवा. एकदा म्हणाली, “सूप बिचारं एकटंच बसलंय,” तेही मला कळलं. तिने एकदाही सांगितलं नाही आणि मी एकदाही चुकले नाही. त्या घरातली सूचना ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आई गेल्यावर लेझरनेही नेम पाळला. देवावर विश्वास नाही म्हणायचा, पण शनिवारी काडी ओढायचा नाही. मी जायची, गॅस लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, आणि तो समोरच्या, आरशाच्या भिंतीकडे तोंड करून चहाची वाट बघायचा. बसून गप्पा मारायला मला वेळ नसायचा, मी उभ्या उभ्या बोलायची.

एका शनिवारी म्हणाला, “ॲग्नेस, चार खोल्या एका माणसाला फार होतात.”

“मग भाडेकरू ठेव.”

“कसला भाडेकरू?”

“नीटनेटका. स्वयंपाक येणारा.”

“शनिवारी गॅस लावणारा?”

“तो तर मी लावतेच आहे की.”

तो हसला आणि चहा निवत ठेवून बसला. कलावंतांना व्यवहार कळत नाही. इतका चांगला सल्ला दिला, पण शेवटपर्यंत भाडेकरू ठेवला नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

संग्रहालय सर केलं.

जी चादर लेझरकडे राहिली तिची जोडीची माझ्या कपाटात आहे. तिच्याही कोपऱ्याला मीच रफू केलेली. ती घडी घालून पिशवीत भरली. बरोबर गसी आली, तिच्या पिशवीत उकडलेली अंडी आणि बेखमीर भाकरी, कारण वल्हांडणाचे आठ दिवस खमिराचा पाव चालत नाही, आणि बाहेरचं तर नाहीच.

आम्हाला डॉक्टर अल्विन रेसनिक यांच्याकडे पाठवलं. तरुण माणूस, चित्रांची डागडुजी बघतो, वाढला उपनगरात. टेबलावर अर्धा खाल्लेला पाव होता.

गसी पावाकडे बघत म्हणाली, “रेसनिक ना? आज वल्हांडणाचा कितवा दिवस आहे ते माहीत आहे का, डॉक्टरसाहेब?”

तो लाल झाला. “आजी, कामात राहून गेलं.”

“आमचे लोक मिसर देशातून घाईत निघाले, तरी त्यांना आठवलं होतं.”

मी म्हटलं, “गसी, आपण पावासाठी आलेलो नाही.” आणि त्याच्या टेबलावर चादर पसरली. कागद, पेन्सिली, पाव, सगळं तिच्याखाली गेलं.

“ही बघा. चौकटीची रफू. टाके तिरके, आणि शेवटचा टाका उलटा फिरवलेला. ही पद्धत सिस्टर पर्पेच्युआंची. मी सोडून ती या शहरात कुणाला येत असेल तर मला दाखवा. आता तुमच्या ‘अकुशल हाताने’ चादरीच्या डाव्या कोपऱ्यात काय रंगवलंय ते बघायला चला.”

रेसनिक आमच्याबरोबर चित्रापाशी आला. भिंग लावून डाव्या कोपऱ्यावर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. पांढऱ्यावर पांढराच रंग, किंचित राखाडी, केसाएवढ्या रेषा. तिरक्या. शेवटची उलटी फिरलेली.

“हे आम्हाला भेगा वाटल्या होत्या,” तो हळूच म्हणाला.

“वाटणारच. तुम्ही कधी चादर रफू केलेली नाही.”

“म्हणजे ही चादर त्याने स्वतःच रंगवली. चादर समोर ठेवून.”

“माझी चादर समोर ठेवून,” मी म्हटलं. “आता पाटी काढा.”

पण त्याने आम्हाला आत नेऊन दिव्याच्या काचेवर एक्स-रे लावला. पांढऱ्याखालचा आरसा दिसू लागला. आरशात स्वयंपाकघराचं दार, आणि दारात उभी बाई. लांब नाक, हनुवटी वर, जणू शेजाऱ्याशी भांडायला निघाली आहे. हातात काहीतरी चौकोनी.

“ही कोण असावी, मिसेस डेव्हॅनी?”

“नाकावरून कोपऱ्यावरच्या खाटकाची थोरली. ती अशीच तोऱ्यात उभी राहायची. हातात साबण दिसतोय.”

“साबण!” गसी म्हणाली आणि अंडं सोलायला लागली. तिथे खाण्याला मनाई आहे, तरी रेसनिकने तिला अडवलं नाही. तो एक्स-रेकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा एक्स-रेकडे. मी त्याला म्हटलं, मुला, डोळे तपासून घे, या अंधारात काम करून खराब होतील.

“तुम्ही त्या घरात जात होतात?”

“दर शनिवारी.”

“खाटकाची मुलगी जायची?”

“ती कशाला जाईल? तिच्याकडे स्वतःचा शब्बाथ होता.”

परतताना ट्रेनमध्ये गसी एक शब्द बोलली नाही. गसी गप्प! मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

शुक्रवार, २० एप्रिल

रेसनिकचा फोन. पाटी बदलणार. ‘अकुशल हात’ जाणार. मी जिंकले असं म्हणणार होते, तेवढ्यात तो म्हणाला की रंग मात्र काढायचाच असं वरच्यांचं ठरलं आहे.

“का? त्यानेच लावलाय हे कबूल केलंत ना?”

“केलं. पण मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, सुतक सात दिवसांचं. आठव्या दिवशी आरसा उघडायचा असतो. पॉमेरान्ट्झच्या आरशाचे सात दिवस केव्हाच संपले, मिसेस डेव्हॅनी. त्याला उघडायचं राहून गेलं असेल.”

पाव खाताना वल्हांडण आठवत नाही आणि माझ्याशी वाद घालायला धर्मशास्त्र आठवतं! उत्तर तयार नव्हतं, म्हणून मी म्हटलं, “आजोबांना माझा नमस्कार सांगा.”

“आणखी एक. हे आईचं सुतक नाही. बावन्नच्या वसंतात हे चित्र तुमच्या भागातल्या सभागृहात लागलं होतं. तेव्हाचा फोटो मिळालाय. आरसा उघडा आहे. चादर त्यानंतर आली, त्याच उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यात त्याच्या घरात कोण गेलं होतं?”

“कुणीही नाही. जायला उरलंच कोण होतं?”

ते प्रदर्शन मी पाहिलं नव्हतं. त्या वसंतात रविवारी मी फ्रँकबरोबर बागेत फिरायची. जूनमध्ये आमचं लग्न झालं. त्या उन्हाळ्यात इमारतीत घडलं ते एवढंच. लग्नाला लेझर आला नाही, म्हणून त्याच आठवड्यात मी केक घेऊन वर गेले. तर हा पायांत बूट नाहीत, दाढी वाढलेली, संत्र्यांच्या खोक्यावर बसलेला. म्हणाला, पाठ धरली आहे, खाली बसलं की बरं वाटतं. केक घेतला नाही. मला राग आला. चांगला केक होता, बदामाचा.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा त्याने गॅस आधीच लावून ठेवला होता. स्वतः. मी म्हटलं, वा, सुधारलास. त्यानंतर शनिवारी जायचं कारण राहिलं नाही.

रविवार, २२ एप्रिल

गसीला फोनची हकीकत सांगितली. वाटलं होतं ती रेसनिकच्या आजोबांचा समाचार घेईल. ती तिच्या काकाची गोष्ट सांगत बसली.

“माझा अव्रम काका. त्याच्या पोराने इटालियन मुलीशी लग्न केलं. काकाने कोट फाडला, आरसे झाकले, सात दिवस जमिनीला टेकून बसला. लोक भेटायला आले, अंडी घेऊन आले, सगळं रीतसर. पोरगा जिवंत! दोन गल्ल्या पलीकडे टोप्या विकत होता.”

“तुझ्या गोष्टींना शेंडा ना बुडखा. लेझरला पोरगा कुठे होता?”

“पोरगा नव्हता, ॲग्नेस.”

ती मला फार क्वचित ॲग्नेस म्हणते.

“बावन्नचं ते प्रदर्शन मी पाहिलं होतं,” ती म्हणाली. “मी, माझा नवरा, सगळी इमारत गेली होती. तूच तेवढी नव्हतीस.”

“मग खाटकाची थोरली तुम्ही सगळ्यांनी पाहिली.”

“अगं बाई,” गसी म्हणाली, “शनिवारी आमच्या बायका काड्यापेटी हातात धरतात का?”

मी म्हटलं, मला चर्चला उशीर होतोय. तिथून तर मी नुकतीच आले होते.

मंगळवार, २४ एप्रिल

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला फ्रँकचा दाढीचा आरसा अजून आहे. आज दात सोडून बाकीचं पाहिलं.

नाक लांबच आहे.

हनुवटी मी वर करत नाही. ती तशीच आहे.

संत्र्यांचं खोकं.

बुधवार, २५ एप्रिल

दुपारी गसी आली, तिच्या हातचं मध घातलेलं गाजर घेऊन. मी दार उघडलं.

“रागावलीस?”

“कुणावर?”

“माझ्यावर. सांगितलं नाही म्हणून.”

“तू का सांगावंस? त्याला तोंड नव्हतं का?”

“तो सांगतच होता, दर शनिवारी,” गसी म्हणाली. “पण त्याची रीतच तशी. आणि तू आपली गॅस लावून निघून जायचीस.”

यावर मी तिला चांगलं सुनावणार होते. त्याऐवजी गाजर खाल्लं. फ्रँक भला माणूस होता. अठरा वर्षं मी त्याच्याशी सुखाने भांडले आणि त्यातला एक दिवसही मला परत द्यायचा नाही. हे मी गसीला सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते. एक खरं असलं की दुसरं खोटं होतं असं नाही. हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. सिस्टर पर्पेच्युआंनी हा धडा घेतला नव्हता.

जाताना गसीने विचारलं, “मग उघडू द्यायचा आरसा? सगळ्या शहराला दिसशील. रांगा लागतील. मी तिकिटं विकीन.”

“त्याने झाकला तो चुकून नाही,” मी म्हटलं. “कोपऱ्यातली रफूसुद्धा सोडली नाही त्याने. एवढं मन लावून झाकलेलं लोकांनी खरवडायचं नसतं.”

“आणि रेसनिकचे आजोबा? आठवा दिवस?”

“त्यांच्यासाठी उत्तर सापडलंय मला.”

गुरुवार, २६ एप्रिल

पत्र आज टाकलं. नक्कल इथे.

डॉ. अल्विन रेसनिक, आणि त्यांच्या वरचे जे कुणी असतील ते,

दहा एप्रिलला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या पाटीवर जे लिहिलेलं होतं ते आपण मागे घेणार आहात, त्याची मी दखल घेतली आहे. अर्ध्या चुकीची दुरुस्ती केल्याबद्दल आभार मानण्याची मला सवय नाही.

आपण म्हणता, सात दिवस झाले की चादर काढतात. बरोबर. पण ती कोण काढतं, हे आपल्या आजोबांनी सांगितलेलं दिसत नाही. ज्याने सुतक धरलं तो काढतो. त्याने शेवटपर्यंत काढली नाही. पुढची नऊ वर्षं ते चित्र त्याच्या खोलीत होतं, ब्रश हाताशी होते आणि हातही शाबूत होता. त्याला विसर पडला असं समजणं म्हणजे त्याला ओळखतच नसणं.

तो आता नाही. मग विचारायचं ते चादरीच्या मालकाला. ती चादर माझी आहे. मी ती उसनी दिली होती. तिची जोडीची चादर आपण आपल्या टेबलावर पाहिली आहे. आपला पाव तिच्याखाली चेपला गेला, त्याबद्दल मला खेद नाही. इतकी वर्षं मी ती परत मागायचं म्हणत होते. आता मागत नाही. ती त्याच्याकडेच राहू द्या.

आरशातली बाई कोण, हा प्रश्न आपण मला विचारला होता. मी चुकीचं उत्तर दिलं. ती खाटकाची मुलगी नाही आणि तिच्या हातात साबण नाही. ती बाई हयात आहे, ठणठणीत आहे, पेन्शन घेते आणि जिने चढते. तिला उघडं पाडण्याआधी तिची परवानगी लागते. ती परवानगी देत नाही. एक्स-रे आपल्या कपाटात ठेवावा. ज्यांना अभ्यास करायचा त्यांनी तो पाहावा, पण दिवा मंद ठेवावा.

नव्या पाटीवर एवढंच लिहावं: ‘आरशावरची चादर शेजारणीची.’ नाव नको.

सात मेला हे काम सुरू होणार नाही, असं लेखी उत्तर मला शुक्रवार, चार मे रोजी सूर्यास्ताच्या आत मिळालं पाहिजे. सूर्यास्तानंतर आमच्या मजल्यावर शब्बाथ सुरू होतो आणि समोरच्या दारातल्या बाईंना पत्र फोडता येत नाही, आणि त्यांना ते माझ्याबरोबरच वाचायचं आहे.

उत्तर स्पष्ट शब्दांत असावं. विचार चालू आहे, बघू, घर गारठलंय, असलं काही लिहू नये. आडून सुचवलेलं मला कळत नाही.

ॲग्नेस डेव्हॅनी